आरशातला चार्ज

गल्लीत त्यांना सगळे फिजिक्सवाल्या काकू म्हणत. कॉलेजातून निवृत्त झाल्या तरी शिकवणं सुटलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून विद्यापीठाच्या मुलांची अडलेली गणितं त्या सोडवून घेत. सोडवून देत नसत; ते त्यांना पाप वाटे. शिवाय काकू चुकल्या तर तिथल्या तिथे टोकायचं, हा टेबलाचा नियम. टोकणाऱ्याला साखरेचा चहा, बाकीच्यांना बिनसाखरेचा. घरात काका-काकू दोघांनाही साखर वर्ज्य. त्यामुळे गेले कित्येक महिने डबा उघडावाच लागला नव्हता, याचा काकूंना मनातून मोठा अभिमान.

समोरच्या शिंप्याच्या मुलीचा क्वांटमचा पेपर कसाबसा सुटला होता. स्थिरविद्युतेचा मात्र अडकला तो अडकलाच. आता शेवटची संधी. ती हुकली की पदवी विसरायची आणि जन्मभर काजं-बटणं करत बसायचं, असं बापानं बजावलेलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी धातूच्या पत्र्यासमोरच्या चार्जचं गणित निघालं. पत्र्याला आरसा समजायचं, आत तेवढाच उलटा चार्ज आहे असं धरायचं, की काम सोपं. पोरगी ऊर्जेपाशी अडखळली. काकूंनी पेन्सिल ओढून घेतली आणि स्वतःच उत्तर लिहून टाकलं.

"कळलं ना?"

"हो, काकू."

"मग एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा का?"

"उद्याची भीती, दुसरं काय!"

सकाळी काका आरशासमोर दाढी करत होते. "अगं, ह्या समोरच्या गृहस्थांनाही एक कप टाक हो!"

काकू हसल्या, आणि हातातलं चहाचं भांडं तसंच राहिलं. आरशातला चार्ज खोटा! त्याच्या वाट्याची ऊर्जा धरायचीच नाही, उत्तर निम्मं. आयुष्यभर वर्गावर्गात ओरडून सांगितलेली गोष्ट, आणि काल आपणच पूर्ण लिहिलं?

पोरीचा फोन बंद. पायात सपाता तशाच घालून काकू परीक्षा केंद्राच्या फाटकाशी पोचल्या, तर ते लागलेलं. पेपर सुटेपर्यंत त्या कठड्यावर बसून राहिल्या.

"तोच प्रश्न आला," पोरगी म्हणाली. "मी निम्मं लिहिलं, काकू."

काकूंचा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच.

"म्हणजे काल तुला माहीत होतं?"

"हो."

"मग टोकलं का नाहीस?"

पोरगी पिशवीचा बंद पिळत राहिली. "हल्ली नाही टोकत आम्ही."

"आम्ही?"

"मागे एकदा टोकलं, तर तुम्ही रडलात, काकू. आणि दुसऱ्या दिवशी आल्यावर तुम्हाला त्यातलं काहीच आठवत नव्हतं."

पोरीला घरी आणून काकूंनी साखरेचा डबा काढला. झाकण गच्च बसलेलं, ते काकांनी उघडून दिलं. आत साखरेचा दगड झाला होता. चमच्याच्या दांड्यानं टोचून टोचून काकूंनी एक ढेकूळ सुटं केलं, पोरीच्या कपात टाकलं आणि समोर बसल्या.

"आता पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या. "कुठे कुठे चुकले मी? आणि अहो, तुम्हीही बसा. उद्या मला आठवलं नाही, तर तुम्ही सांगायचं."