तीन कंपन्या, दोन सह्या

त्याला सगळे कोटेशनराव म्हणत. खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागात या माणसानं चौतीस वर्षं काढली आणि त्या चौतीस वर्षांत तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय टाचणीसुद्धा विकत घेतली नाही. तीन कोटेशनं, मग त्यांचा तुलनात्मक तक्ता, मग तक्त्याखाली दोन सह्या. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. नोकरीतली अशी खोड माणूस नोकरीतच ठेवून येतो. यानं ती घरी आणली.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कपाट घ्यायचं निघालं. नवी नवरी सहज म्हणून गेली, "ते हिरवं छान आहे." झालं. दुसऱ्या दिवशी यानं तीन दुकानांचा तक्ता तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "तपास आणि सही कर." दुसरी असती तर माहेरी निघून गेली असती. पण ही प्राथमिक शाळेतली बाई, तिसरीच्या वर्गाला गणित शिकवणारी. तिनं गंभीर चेहरा करून तक्ता तपासला, एका बेरजेत हातचा धरायचा राहिलाय हे दाखवून दिलं आणि खाली सही ठोकली. हिरवं कपाट महाग होतं, ते काही आलं नाही. पण घरात तेव्हापासून पायंडाच पडला. शिलाई मशीन, फ्रिज, लेकीची सायकल, कशाकशाचे तक्ते झाले. आल्यागेल्याला ती ते काढून दाखवायची आणि पोट धरून हसायची. "मला पसंत केलं तेव्हाच्या बाकीच्या दोन मुली कोण होत्या, तेवढं मात्र सांगत नाहीत हो," म्हणायची. तो चष्मा पुसत बसायचा.

दोघं निवृत्त झाली आणि वर्षाच्या आत तिचं पोट दुखायला लागलं. आधी घरचं औषध, मग गल्लीतला डॉक्टर, मग मोठं हॉस्पिटल. तपासण्यांचे कागद आले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि याला आत बोलावलं. त्या बराच वेळ काहीबाही समजावत होत्या. यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काळ किती? अंदाजे सांगा." आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आला होता, माल कधी येणार, यंत्र किती वर्षं चालणार. दुसऱ्या कुठल्या शब्दांत विचारायचं ते त्याला येतच नव्हतं.

"सहा महिने धरा," बाई म्हणाल्या. "त्यापुढचं धरून चालू नका."

तो बाहेर आला. ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. "काय म्हणाल्या?"

"औषध बदललंय. दम धरायला सांगितलाय."

"बरं," ती म्हणाली, आणि दोघं रिक्षा करून घरी आली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं काय होतं बघा. त्या दिवसापासून तो तिच्याकडं बघायचाच टाळायला लागला. पाणी द्यायचा तर पेल्याकडं बघून, गोळी द्यायची तर गोळीकडं बघून.

लेक परदेशात, एका प्रयोगशाळेत नोकरीला. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. पण आई आता झोपायची आतल्या खोलीत, आणि आतल्या खोलीत मोबाइलला रेंज म्हणजे नुसता वैताग. लेकीचा चेहरा यायचा आणि तोंड अर्धवट उघडं असतानाच थिजायचा. "पुतळा झाला बघा माझ्या लेकीचा," आई म्हणायची आणि वाट बघत बसायची. कधी पाच मिनिटं, कधी दहा. हात दुखला तरी फोन खाली ठेवायची नाही.

एक दिवस तिनं स्वतःच विषय काढला. "अहो, घरात चांगलं नेट घेऊ या का? मला तिला नीट बघायचंय."

अडतीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतः होऊन मागितलेल्या वस्तू बोटांवर मोजण्याइतक्या. तो तडक उठला, चपला घातल्या आणि भाव काढायला निघाला.

गावात तीन कंपन्या होत्या. पहिलीचा दर महिना पाचशे, जोडणी फुकट, पण दोन वर्षांचा करार, आणि मध्येच सोडलं तर चार हजार दंड. दुसरीचा दर साडेसहाशे, जोडणीचे पाचशे, करार वर्षाचा, दंड दोन हजार. तिसरी सगळ्यांत महाग. महिना आठशे, जोडणीचे हजार, पण करार नाही आणि दंडही नाही, कधीही बंद करा. सगळ्यांचा वेग जवळजवळ सारखाच. हे कळायलाच त्याला तीन दिवस लागले, कारण कंपन्या सरळ कधी सांगतात का? मोठ्या अक्षरांत एक आकडा आणि मुंगीएवढ्या अक्षरांत दुसरा. पण असल्या मुंग्या वेचण्यात त्याचा जन्म गेला होता.

पहिल्या कंपनीच्या दुकानात काउंटरवर एक हसरी मुलगी बसली होती. "दोन वर्षांचंच घ्या काका," ती म्हणाली. "सगळ्यांत स्वस्त पडतं. तुम्हाला किती दिवस लागणार आहे नेट?"

साधा प्रश्न. दिवसातून पन्नास जणांना विचारत असेल. कोटेशनरावांनी हातातला कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मागं रांग होती. मुलगी वाट बघत होती.

"विचारून सांगतो," तो म्हणाला आणि बाहेर पडला. रस्त्यावर आल्यावर त्याला स्वतःचीच कीव आली. विचारणार कुणाला होता?

तसाच घरी न जाता तो चौकापलीकडच्या बागेत जाऊन बसला आणि पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. काळ ठरल्याशिवाय कुठला भाव स्वस्त ते ठरत नाही, हे तो नव्या पोरांना शिकवायचा. काळ सहा महिने. म्हणजे पहिली कंपनी दंडासकट सात हजार. दुसरी सहा हजार चारशे. तिसरी पाच हजार आठशे. सगळ्यांत महाग दिसणारी तिसरीच स्वस्त निघाली. हिशेब बिनचूक होता. तो त्या आकड्यांवर हात ठेवून बसला आणि त्याला असं वाटलं की हे आपण फार मोठं पाप करतोय, बायको जिवंत असताना तिचे महिने मोजतोय. पण दुसरं गणित सुचेना.

घरी येऊन त्यानं पट्टी घेतली, रेघा मारल्या, तक्ता केला. एक रकाना मात्र गाळला. 'वापराचा अंदाजे काळ' हा रकाना त्याच्या प्रत्येक तक्त्यात असायचा. तो काढला आणि दंडाचाही काढून टाकला. बाकी दर, जोडणी, करार, एकूण, सगळं नीट भरलं. एकूणच्या खाली खऱ्याऐवजी दुसराच आकडा लिहावा, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण खोटी बेरीज लिहायला त्याचा हात उठेना. रकानाच नाही म्हटल्यावर कुणाला काय कळणार, असं त्यानं मनाशी म्हटलं. आता याला काय म्हणावं! तिसरीच्या पोरांची गणितं तीस वर्षं तपासलेल्या बाईपुढं हा उत्तर ठेवत होता आणि रीत लपवत होता.

तिनं उशीला टेकून तक्ता हातात घेतला. आजारपणातही तिला ते आवडलेलं दिसलं. पेनचं टोपण काढलं.

"तिसरी घेऊ या," तो म्हणाला. "उगाच बांधून घ्यायला नको."

"तुम्ही?" ती हसली. "फ्रिजची हमी एक वर्षानं जास्त मिळते म्हणून तुम्ही मला तीन मैल चालवलं होतंत. आणि आता बांधून घ्यायला नको?" तिची नजर खाली सरकली. "यात काळाचा रकाना कुठाय?"

"नेटला कसला काळ? लागेल तितकं वापरायचं."

तिचे ओठ हलत होते फक्त. त्याला ते ओठ माहीत होते, मनातल्या मनात भागाकार करताना ते असेच हलायचे.

"जोडणीचे हजार काढले," ती हळू म्हणाली, "राहिले चार हजार आठशे. दर आठशे." तिनं टोपण परत पेनला लावलं. "सहा."

सहा महिने घेऊन बघू, आवडलं तर वाढवू, असं काहीही तो म्हणू शकला असता. ते त्याला सुचलं दोन दिवसांनी. त्या वेळी तो नुसता आपल्याच बेरजेकडं बघत राहिला.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या?"

त्यानं मान हलवली.

"कधी?"

"बारा दिवस झाले."

"बारा दिवस एकटेच घेऊन फिरताय होय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सहन झालं नाही. धीर द्यायचा तो यानं तिला, तर हाच पलंगाच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडायला लागला. तिनं त्याचं मनगट धरलं. मग तिचाही बांध फुटला. "मला वाटलं होतं, दोन वर्षं तरी मिळतील," ती म्हणाली. "दोन वर्षांत लेक परत आली असती हो." दोघं किती वेळ रडली कुणास ठाऊक. दूधवाला बेल वाजवून वाजवून निघून गेला.

रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तक्ता पुन्हा उचलला.

"हे चुकलंय."

"बेरीज बरोबर आहे," तो म्हणाला.

"बेरीज बरोबर आहे. गणित चुकलंय. सहा महिन्यांनी या घरात कुणीच नसणार असं धरलंत तुम्ही. मी जाईन. तुम्ही कुठं जाणार आहात?"

खरं सांगायचं तर त्यानं स्वतःला त्या हिशेबात कुठं धरलंच नव्हतं. ती गेल्यानंतरचा एकसुद्धा दिवस त्याच्या डोळ्यांपुढं आला नव्हता.

"नंतर लेकीशी कोण बोलणार?"

"ती करेल की फोन."

"ती करेल. आणि तुम्ही म्हणाल, 'जेवलीस का? बरं, आईला देतो.'"

वीस वर्षं त्याचं आणि लेकीचं बोलणं तेवढंच होतं. जेवलीस का, पैसे आहेत का, आईला देतो. माया नव्हती असं नाही, जीव होता त्याचा पोरीवर. पण ती माया बायकोच्या तोंडून जायची. त्याला स्वतःला कधी बोलावं लागलंच नाही.

तिनं तक्त्याच्या कडेला, पट्टी न लावता, एक रकाना ओढला. त्यात लिहिलं, 'वापराचा काळ: दोन वर्षे व पुढे चालू.' पहिल्या कंपनीवर खूण केली. मग म्हणाली, "एका अटीवर सही करते. नेट आल्यावर पहिला फोन तुम्ही करायचा. आणि हे तिला तुम्ही सांगायचं."

"मी? अगं, मला नाही जमायचं. तूच सांग."

"मी सांगितलं तर ती मला धीर देत बसेल आणि मी तिला. आणि मी गेल्यावर तुम्ही दोघं परक्यासारखे एकमेकांची तोंडं बघत बसाल. आत्ता मी आहे इथं. आत्ताच शिका."

आणि तिनं सही केली. नेहमीसारखी, पुरी.

आठ दिवसांनी वायरमन आला. भिंतीला भोक पाडलं, वायर आतल्या खोलीपर्यंत आणली, पेटी बसवली, दिवे लागल्याची खात्री केली. "आता दोन वर्षं बघायला नको आजी," जाताना तो पलंगाकडं बघून म्हणाला. ती म्हणाली, "बरं झालं बाबा."

दुपार होती. लेकीकडं तेव्हा सुट्टीची सकाळ. त्यानं फोन लावला आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत ताठ बसला. नवऱ्याकडं तोंड करून ती कुशीवर वळली. काय बोलायचं ते त्यानं दोन दिवस घोकलं होतं. आधी तब्येतीची चौकशी, मग औषधांचं, मग हळूहळू. लेकीचा चेहरा पडद्यावर आला आणि त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"बाबा, तुम्ही? आई कुठाय?"

"इथंच आहे. आज मी बोलतोय."

"अरे वा!" लेक हसली. "आणि काय स्वच्छ दिसताय! दाढी नीट झालेली नाहीये, तेसुद्धा दिसतंय मला." तिच्या हातात चहाचा कप होता, केस विंचरायचे होते. "बोला ना. गप्प का?"

"ऐक," तो म्हणाला. "आईला डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेत. त्यातले वीस दिवस झाले."

चित्र कुठंही अडकलं नाही. त्यामुळं त्याला सगळं दिसलं. तिचं हसू आधी डोळ्यांतून गेलं आणि ओठांवर थोडं उरलं, मग तिथूनही गेलं. कप खाली ठेवताना हात चुकला, चहा सांडला, तिनं पुसला नाही. तिचे ओठ हलले पण आवाज नव्हता, आणि बापाला कळलं की ती लहानपणीसारखी "आई" म्हणतेय. फोन बायकोच्या हातात द्यावा आणि उठून जावं, असं त्याला फार वाटलं. बायकोनं डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांतून पाणी उशीवर जात होतं, पण तिनं हात काही पुढं केला नाही.

त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला, आपला चेहरा तिला पुरता दिसेल असा.

"रड तू," तो म्हणाला. "मी ठेवत नाही फोन."