खूण नसलेलं गाठोडं

गल्लीत इस्त्रीवाल्याला सगळे कडक म्हणायचे. कॉलर कडक, बोलणं कडक, आणि बायको गेल्यापासून तर मानही कडक. शेजारीपाजारी बघायला म्हणून वळायची नाही. पुढं दुकान, मागं खोली, मधे पडदा. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, गिऱ्हाइकांच्या गाठोड्यांची फळी आणि फळीशेजारी खुंटीला टांगलेलं त्याचं स्वतःचं एक गाठोडं.

त्यात बायकोची लोकरीची शाल, तिचा चष्मा आणि लेकीचं तान्हेपणीचं टोपडं. दिवसभर हातात निखाऱ्यांची इस्त्री आणि भिंतीला भिंत लावून गादीवाला, कापसानं ठासलेला. कधी आग लागलीच तर हे एवढं उचलायचं नि पळायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलेलं. महिन्याकाठी शाल काढायचा, ओल्या फडक्यावरून हलकी इस्त्री फिरवायचा, जुन्याच घडीवर घडी घालून ठेवायचा. पांघरणारं कोणी नव्हतं, ते वेगळं.

गिऱ्हाइकांच्या गाठोड्यांना गाठीपाशी दोऱ्याची खूण असे. मास्तरीणबाईंचे दोन टाके, दवाखान्याचे तीन. टाके बायकोच घालायची. घरच्या कपड्यांना मात्र तिनं कधी खूण केली नाही. आपलं कुठं पोचवायचंय, म्हणायची.

एका दुपारी गादीवाल्याचा कापूस पेटला. खोलीत धूर असा भरला की स्वतःचा हात दिसेना. डोळे मिटूनच कडक आत शिरला आणि बोटांनी गाठी चाचपू लागला. टाके लागले की गाठोडं उचल, बाहेर टाक, पुन्हा आत. तिसऱ्या खेपेला खुंटीवरचंही हाताला लागलं. बोटांनी गाठ चाचपली. टाके नव्हते. हातानं ते सोडलं आणि पुढचं धरलं.

रस्त्यावर गादीवाला कपाळाला हात लावून बसला होता. म्हणाला, "कडक, तुझं बरं झालं बाबा. तुझं सगळं निघालं."

कडकनं ढिगावरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली आणि उठून दाराकडं निघाला. बंबवाल्यांनी दोन्ही दंड धरले. तेवढ्यात छप्पर बसलं.

दुसऱ्या दिवशी गादीवाल्यानं कुठूनशी आणून दिलेल्या टेबलावर त्यानं काम मांडलं. मास्तरीणबाई कपड्यांना धुराचा वास येतो म्हणून कुरकुरत परत देऊन गेल्या. तो ते पुन्हा धुऊन इस्त्री करत होता, तेव्हा परगावाहून लेकीचा फोन आला. लागलं का, खाल्लं का, सगळं विचारून झालं.

"आणि आईची शाल, बाबा? या खेपेला मी नेणार होते."

"गिऱ्हाइकांचं सगळं निघालं."

"आपलं?"

"आपल्याला खूण नव्हती गं."

तिला काही कळलं नाही. धुरानं डोकं जड झालं असेल, जरा पडा, म्हणाली. बरं म्हणून त्यानं फोन ठेवला. मास्तरीणबाईंची बाही अर्धी राहिली होती.