आक्का पेडलावर बसली तो सोमवार

गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि आमच्या घरातलं एक नुकतंच कमी झालं होतं.

एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली झोपून चाकामागचा नट ढिला करायचा आणि बुडबुड्याचं तेल नळीतनं बाटलीत सोडायचं. नट परत आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की गेलेली हवा पुन्हा आत! एवढंच शास्त्र. ट्रकवर जन्म घालवलेल्या माझ्यासारख्या चौथी पासालाही कळतं. आमची ही पेडल धरायची तेव्हा भूकंप झाला असता तरी पाय हलला नसता. (संसारातही तिचा पाय असाच. पण ते जाऊ दे.)

दवाखान्यात तिनं मला शेवटचं एकच सांगितलं, "माझ्या आईला एस्टीत बसवू नका. आपल्या गाडीतनं आणा." सासूबाई चंदगडकडच्या, ऐंशीच्या पुढच्या. ताप होता म्हणून लेकीच्या मातीला आल्या नव्हत्या. आता मंगळवारी उत्तरकार्य, आणि सोमवारी सकाळी त्यांना आणायला निघतो तर ब्रेक पार तळाला. मागच्या चाकातलं रबर गळत होतं. आणि सोमवारी गॅरेजं बंद. गल्लीतल्या चौघांनी सांगितलं, भाड्याची जीप कर. मी म्हणालो, ती 'आपल्या' म्हणालीया. चौघंही शहाण्यासारखे घरी गेले.

रबर मी बसवलं. राहिली हवा. पेडलावर बसवली थोरल्या बहिणीला, आक्काला.

आता आमच्याकडची रीत अशी, की मयताच्या घरी भेटायला बाई आली की घरच्या बाईनं असेल तिथनं उठायचं, तिच्या गळ्यात पडायचं, आणि दोघींनी मोठ्यानं रडायचं. बसून राहिली तर वर्षभर नाव ठेवतात. ही रीत ब्रेकपेक्षा जुनी.

मी नट ढिला केला, तेल येऊ लागलं, आणि वरनं एकदम "अगं माझे बाई गं!" असा हंबरडा. पाय गेला. बाटलीतलं तेल भुर्रकन नळीतनं माघारी.

"आक्का, पाय का उचललास?"

"मग काय करू? दारात हुपरीची मावशी उभी हाय. मी काय राणीसारखी बसून ऱ्हाऊ?"

मावशी आत गेली, पुन्हा सुरू. तेवढ्यात हातकणंगल्याची जीपभर माणसं आली. गाडीखालनं मला नुसत्या चपला दिसत होत्या. चपलांचा जोड दारात आला की मी खालनं ओरडायचो, "धर, सोडू नको!" त्यातली एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "बायको गेल्यापास्नं डोक्यावर परिणाम झालाय जणू."

मग पेडलावर दांडकं टेकवून बघितलं. पेडल खाली गेलं, दांडकं निसटलं, हवा आत. शेवटी अक्कल मीच चालवली (त्या दिवशी चालवायला तेवढीच शिल्लक होती). आक्काला म्हटलं, तू उठूच नको, भेटायला येणारीला गाडीतच घे. झालं, बायका एकेक करून शेजारच्या सीटवर बसून रडायला लागल्या. आक्का पेडल धरून होती, पण रडताना ती पुढंमागं झुलायची आणि प्रत्येक हुंदक्याला पाय वर-खाली. एक बाई तर दुःखानं स्टिअरिंगवर कोसळली आणि हॉर्न वाजायला लागला तो थांबेना. सगळी गल्ली जमली. गाडीतनं रडणं, गाडीचा हॉर्न, आणि गाडीखालनं माझ्या शिव्या!

दुपार कलली. तेल संपत आलं. आता निघालो तरी घाटात अंधार होणार, हे मला कळत होतं आणि मी नटच पिळत होतो.

तेवढ्यात चाकापाशी दोन पाय येऊन थांबले. चप्पल नाही, टाचा फुटलेल्या, डावा पाय जरासा बाहेर पडलेला. अगदी हिच्यासारखा. मी उठायला गेलो तो डोकं सायलेन्सरवर आपटलं.

म्हातारी हळूहळू खाली बसली आणि वाकून माझ्याकडं बघायला लागली. "पावणं, पोरगी गेली माझी. तुमी कशापायी गाडीखाली पडलाय?"

"मामी, तुमालाच आणाय निघालोय."

"मी आलो न्हवं एस्टीनं. पहाटंच निघालो. उठा आता."

इतके दिवस मी रडलो नव्हतो. तिथंच, तेलात लोळत, लहान पोरासारखा भोकाड पसरून रडलो. आक्का पेडल टाकून धावली. "अरं, डोळ्यात ब्रेकचं तेल गेलं त्याच्या!" म्हणाली. मला पाय धरून बाहेर ओढलं आणि तोंडावर बादलीभर पाणी मारलं. मी सांगतोय तेल नव्हं, तर आणखी एक बादली मारली.

हिचा शब्द मोडला तो मोडलाच, आणि गाडीचा ब्रेक अजून तळालाच होता. निदान म्हातारीला पोचवायला तरी बरोबर जावं म्हणून उत्तरकार्य झाल्यावर मी तिच्याशेजारी एस्टीत बसलो. घाट लागला. खिडकीतनं डोकं बाहेर काढून उलट्या करणारा माणूस जन्मभर ट्रक चालवलेला मी होतो, आणि पाठ चोळत कंडक्टरला सांगत होती ती ऐंशीची म्हातारी, "जावई हायत माझं. गाडीची सवय न्हाय त्येंला."