दिसायला तीच चौकट

एचएसआर लेआउटमधल्या एका लहानशा कंपनीत मी काम करते. डायलिसिस केंद्रांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. रुग्ण आला की सिस्टर त्याचं वजन करून संगणकात टाकतात. मागच्या खेपेपासून अंगात किती पाणी साठलंय याचा हिशेब पडद्यावर येतो, आणि तेवढं पाणी काढायला यंत्र लावलं जातं. हा आकडा चुकला तर काय होतं हे मला नोकरीच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. जास्त पाणी निघालं तर रक्तदाब कोसळतो. तेव्हापासून त्या पडद्यात काहीही बदललं की मी दोनदा तपासते.

आमचं सॉफ्टवेअर ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभं आहे, त्याची जुनी आवृत्ती बंद होणार होती. नवी घेणं भाग होतं. पण नव्या आवृत्तीत जुने तयार भाग काढून टाकलेले होते. बटणं, याद्या, सूचना दाखवणारी चौकट, सगळंच. त्याच नावाचे नवे भाग दिले होते, पण ते आतून निराळे घडवलेले. एकेक जुना भाग उपटायचा आणि तिथे नवा बसवायचा, हे काम माझ्या वाट्याला आलं.

रंग जुळले, अंतरं जुळली. आमचा टीम लीड नागपूरचा. माझ्याशी मराठीत बोलतो, बाकीच्यांशी हिंदीत. जुना आणि नवा पडदा शेजारी शेजारी ठेवून तो म्हणाला, "फरक दाखव मला. सेम टु सेम आहे."

"म्हणूनच भीती वाटते," मी म्हटलं. "वेगळं दिसलं असतं तर लोकांनी जपून वापरलं असतं."

"कायले घाबरतेस? टेस्टिंग पास झालं ना?"

झालं होतं. तरी मला चैन पडेना. ज्या सकाळी नवी आवृत्ती केंद्रांवर जाणार होती, त्या सकाळी मी ऑफिसला न जाता जे. पी. नगरच्या घरून थेट मल्लेश्वरमच्या केंद्रात गेले. तिथल्या सिस्टरना मी ओळखत होते. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलता बोलता काम उरकणाऱ्या. मी निपाणीची, त्यामुळे आमचं बोलणं कन्नडमधून चालायचं. माझ्या बोलीला त्या हसायच्या.

पहिली पाळी सुरू झाली होती. खुर्च्यांवर माणसं पांघरुणं घेऊन पडली होती, यंत्रांची चाकं फिरत होती. मी सिस्टरच्या मागे उभी राहिले. एक बाई उशिरा आल्या, त्यांचं वजन झालं. सिस्टरनी आकडे टाकले, एंटर दाबलं, पुन्हा एंटर दाबलं. मधे पडद्यावर काहीतरी पांढरं लकाकून गेलं.

"अक्का, स्वल्प तडीरि!" थांबा जरा, म्हणून मी केवढ्यांदा तरी ओरडले. "आत्ता काय येऊन गेलं?"

"काय येऊन गेलं?" त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं होतं. ती सूचनेची चौकट होती. वजन मागच्या वेळेपेक्षा फारच जास्त भरलं, तर ती आडवी येते आणि पुन्हा तपासा म्हणते. जुन्या चौकटीत एंटर दाबून काही होत नसे. माऊस हातात घेऊन, वाचून, 'बरोबर आहे' वर टिचकी द्यावी लागे. आमच्याकडच्या कुणीतरी कधीकाळी ते मुद्दाम तसं करून ठेवलं होतं आणि कुठे लिहून ठेवलं नव्हतं. नव्या चौकटीत मात्र 'बरोबर आहे' हे बटण आधीच निवडलेलं येत होतं. सिस्टरना दोनदा एंटर दाबायची सवय. चौकट उघडत होती आणि त्यांच्याच बोटाने मिटत होती. आमच्या टेस्टिंगमध्ये सगळ्यांनी माऊसच वापरला होता.

त्या बाईंचं वजन खरोखरच वाढलेलं होतं, म्हणजे तिथे चूक नव्हती. पण सकाळपासून आलेल्या बाकीच्यांचं काय? सिस्टरना मी कसंबसं समजावलं. त्या लगेच पडद्यावर पहिल्या पाळीची नावं वर खाली करू लागल्या. एका नावापाशी थांबल्या.

"या अज्जांचं बासष्टच्या वर कधी जात नाही," त्या पुटपुटल्या. "इथे पासष्ट दिसतंय."

खिडकीजवळच्या खुर्चीवर ते अज्जा होते. आल्या आल्या माझी नजर त्यांच्याकडे गेली होती, कारण ते सारखे जांभया देत होते. मला वाटलं, बिचारे कंटाळलेत. सिस्टर धावल्या. अज्जांच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे. रक्तदाब मोजला आणि सिस्टरनी तंत्रज्ञाला हाक मारली. पाणी काढणं बंद केलं, खुर्ची मागे कलंडवून पाय वर घेतले, सलाईन सोडलं. ते सगळं भराभर, सवयीने चाललं होतं. मी भिंतीला टेकून उभी होते. तिथे माझा कुणालाच उपयोग नव्हता. अज्जांच्या छातीवरचं पांघरूण वर खाली होतंय ना, एवढंच मी बघत राहिले.

मग भानावर येऊन लीडला फोन लावला.

"जुनं परत लाव. सगळीकडे. आत्ता."

"अगं, लोक काम करून राहिलेत, मधेच कसं..."

"इथे एक माणूस पडलाय," मी म्हटलं.

त्याने लगेच कामाला हात घातला. जुनी आवृत्ती परत चढली. तो आणि ऑफिसातले सगळे एकेका केंद्राला फोन करून वजनं पुन्हा तपासायला सांगू लागले. एकेक निरोप येत होता आणि प्रत्येक वेळी फोन वाजला की मी पहिल्याच घंटीला उचलत होते. दुसरीकडे कुठे चूक निघाली नाही.

अज्जांच्या ओठांवर हळूहळू रंग आला. त्यांनी डोळे उघडले. सिस्टरशी मी बोलत होते ते त्यांच्या कानावर गेलं असावं, कारण मला खुणेने जवळ बोलावून त्यांनी चक्क मराठीत विचारलं, "बेळगावकडची काय गं तू?"

"निपाणीची."

"मग रडतीस कशाला?"

मी डोळे पुसले. म्हटलं, "अज्जा, तुम्हाला काही त्रास जाणवला नाही? हाक का नाही मारलीत?"

"त्रास कुठला? छान झोप येत होती. म्हटलं, झोपू या."

ते हसले. मला मात्र हे ऐकून जास्तच धडकी भरली. दुखलं असतं तर त्यांनी हाक तरी मारली असती.

बाहेर पडले, पण ऑफिसला गेले नाही. फुलांच्या दुकानाच्या पायरीवर मी बसून राहिले. फुलवालीने "एनायतु?" काय झालं, म्हणून विचारलं, पाण्याची बाटली पुढे केली. मी ती घेऊन दोन घोट प्यायले.

चौकट मी दुरुस्त केली. आता ती उघडली की कुठलंच बटण निवडलेलं नसतं, आणि वजनाचा आकडा पुन्हा टाकल्याशिवाय ती मिटत नाही. अज्जांचं वजन का चुकलं तेही कळलं: काट्यावरचा दोन सिस्टरना पाच वाटला होता. असं कुणाचंही होतं, म्हणून तर ती चौकट होती.

पण अजून बरेच भाग बदलायचे राहिले होते. महिन्याभराने तारीख टाकायच्या चौकटीची पाळी आली. त्या सकाळी मी पुन्हा मल्लेश्वरमला गेले आणि सिस्टरच्या अगदी शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांच्या प्रत्येक बोटाकडे माझं लक्ष होतं.

"एवढी खेटून बसलीस तर मलाच भीती वाटते बघ," त्या म्हणाल्या.

"वाटू दे, अक्का," मी म्हटलं.