होडीत भरलेलं पाणी

नगरमध्ये राहून शिडाची होडी घ्यायची आहे असं मी जाहीर केलं, तेव्हा एकानेही मला विचारलं नाही की तुम्हाला ती चालवता येते का. सगळ्यांचा प्रश्न एकच, नवी घेणार की जुनी? आणि तोही मला नाही, दादाला. मी समोरच बसलेली असायचे, चहा मीच आणून दिलेला असायचा, आणि दादाचे सकाळच्या फिरण्यातले मित्र त्याला विचारायचे, "मग काय ठरलं ताईंचं?" जणू मी आतल्या खोलीत आजारी पडून आहे.

पैसे माझे, पेन्शन माझी, होडी चालवणार मी. पण आमच्याकडे चाकाचं, इंजिनाचं किंवा हजारांच्या पुढचं काही घरात येणार असलं की ते दादाच्या नावाने ठरतं. घर वडिलांचं, म्हणजे अर्धं माझंही आहे. सगळे मात्र त्याला दादाचा बंगला म्हणतात. मीसुद्धा म्हणते.

होडीचं खूळ माझ्या डोक्यात राजूरला शिरलं. तिथल्या शाळेत मी अकरा वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर बाण काढून वारे शिकवायचे, मतलई वारे, खारे वारे, आणि स्वतः कधी वाऱ्याच्या जोरावर हातभरसुद्धा पुढे सरकले नव्हते. भंडारदऱ्याच्या काठी एक मामा राहायचे. नौदलात खलाशी होते, निवृत्त होऊन गावी परतताना मुंबईहून एक जुनी फायबरची होडी घेऊन आले. दोन माणसं बसतील एवढी, पांढरी, काठाला निळी पट्टी. एका रविवारी काठावर उभी राहून मी पाहत होते, तर त्यांनीच विचारलं, "बसता का बाई?" त्यानंतरची चार वर्षं माझा जवळजवळ प्रत्येक रविवार त्या पाण्यावर गेला. पहिल्या वर्षी मी शिडाची दोरी नुसती घट्ट धरून बसायचे. मामा म्हणायचे, "सैल सोडा. भांडू नका तिच्याशी." दुसऱ्या वर्षापासून ते काठावर बसायला लागले आणि मी एकटी जायला लागले. एवढं आनंदाचं मला आयुष्यात दुसरं काही आठवत नाही, हे मी स्पष्टच लिहून ठेवते.

मी निवृत्त होऊन नगरला आले, त्याच सुमाराला मामांचा खांदा गेला. शीड ओढवेना. म्हणून त्यांनी होडी विकायला काढली आणि पहिलं मला विचारलं. इथून मुळा धरण तासाभरावर आहे, पाणी भरपूर, वाराही असतो. प्रश्न खरोखर तेवढाच उरला होता. मामांची जुनी घ्यायची, की पुण्याच्या विक्रेत्याकडून नवी मागवायची.

हा प्रश्न सोपा होता असं मी म्हणणार नाही. नवी वजनाला हलकी होती, साठीतल्या गुडघ्यांनिशीही मला ती एकटीने काठावर ओढून घेता आली असती. मामांची जड, शिडाला दोन ठिकाणी ठिगळं, सुकाणूचा दांडा एकदा बदललेला. पण ती कुठल्या वाऱ्यात किती कलते, कुठे ऐकते आणि कुठे अडून बसते हे माझ्या हाताला ठाऊक होतं. नवीशी एवढी ओळख व्हायला दोन-तीन वर्षं गेली असती. मी दोन्हीकडून विचार करत होते, कागदावर लिहूनही पाहिलं. मला फक्त शांतपणे ठरवू द्यायला हवं होतं.

दादाचं मात्र पहिल्या दिवशीच ठरलं होतं. "नवी घे. गॅरंटी असते. विकतचं दुखणं कशाला आणतेस?" तो कंत्राटदार. पारनेरपासून पाथर्डीपर्यंत गावोगावी त्याने पाण्याच्या टाक्या बांधल्या आहेत, आणि त्याची एकही टाकी गळत नाही, हे मी आजही अभिमानाने सांगते. टाकी बांधून झाली की तो ती काठोकाठ भरतो, पाण्याच्या पातळीला आतून खडूची रेघ मारतो आणि दुसऱ्या दिवशी रेघ पाहतो. पाणी रेघेखाली उतरलं तर टाकी नापास. चाळीस वर्षं त्याने एवढी एकच परीक्षा घेतली आणि तिच्यावर त्याचा देवासारखा विश्वास आहे.

शेवटी मीच तोड काढली. होडी आठ दिवस नगरला आणायची, मुळा धरणावर चालवून पाहायची आणि मग ठरवायचं. मामांनी एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. "न्या. चालवून बगा. घाई न्हाई." ना कागद, ना आगाऊ रक्कम. शुक्रवारी संध्याकाळी टेम्पो आला आणि अंगणात चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर होडी ठेवून परत गेला. रविवारी आम्ही धरणावर जाणार होतो.

शनिवारी सकाळी मी खाली आले तेव्हा दादा बोअरची मोटर लावून, पाइप होडीत सोडून उभा होता. त्याचे फिरण्यातले दोन मित्र खुर्च्या टाकून बसले होते. होडी निम्मी भरली होती. तो खिशातून खडू काढत होता.

मी म्हणाले, "दादा, असं नसतं बघायचं."

"अगं, टाकी काय आणि होडी काय. पाणी आत राहत नसेल तर बाहेरचं आत येणारच की."

मित्र हसले. एक जण म्हणाला, "बरोबर आहे, शास्त्रीय आहे."

शास्त्रीय! मी तीस वर्षं मास्तरकी केली आहे. होडी पाण्यावर असते तेव्हा पाणी तिला खालून सगळीकडून उचलून धरतं, हे मला माहीत होतं. इथे तिच्या पोटात टनभर पाणी आणि खाली आधार चार ठोकळ्यांचा, हे मला दिसत होतं. मोटरचं बटण माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी आणखी एकदा म्हणाले, "नको ना पण," आणि आवाज असा निघाला की तो मलाच जेमतेम ऐकू आला. तेवढ्यात वहिनीने आतून हाक मारली, "पोहे करायचेत, आत या हो, पाहुणे ताटकळलेत." मी आत गेले. कांदा चिरत होते तेव्हा आवाज आला, ओली फांदी मोडते तसा.

बाहेर आले तर पाणी फाटकाखालून रस्त्यावर चाललं होतं. शेजारचे दोघे-तिघे धावत आले आणि ते संतापले होते पाण्यासाठी. नळाला दोन दिवसांत पाणी नाही, आणि तुम्ही रस्ता धुताय? होडीकडे कोणी बघितलंही नाही. तिच्या तळाला, पुढच्या ठोकळ्याच्या बरोबर वर, दीड वीत लांब भेग पडली होती.

आणि दादा काय म्हणाला असेल? "बघ. मी म्हटलं नव्हतं? घ्यायच्या आधी कळलं म्हणून बरं."

बरं! चार वर्षं ज्या होडीत पाण्याचा थेंब आला नव्हता ती त्याने अर्ध्या तासात फोडली आणि वर माझ्यावर उपकार केल्यासारखा हात झटकून पोहे खायला बसला. मित्रांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले. पोह्यांत शेंगदाणे कमी पडले एवढी एकच तक्रार त्या सकाळी माझ्या कानावर आली. संध्याकाळपर्यंत त्याने पुण्याच्या विक्रेत्याला फोन करून नवीचा रंगसुद्धा विचारून घेतला होता. मला नाही विचारला. विक्रेत्याला विचारला.

मी मामांना फोन केला. दादाने पाणी भरलं आणि तळाला भेग पडली, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "येतो." सोमवारी एसटीने आले, खांद्याला पिशवी, राजूर सोडून नगरला पोचायला अर्धा दिवस गेलेला. आधी पाणी प्यायले, मग होडीपाशी उकिडवे बसून तळावरून हात फिरवला. दादा शेजारी उभा राहून त्यांना समजावत होता की फायबर आतून कुजलेलं होतं, नाहीतर असं झालं नसतं, आमच्या धंद्यात आम्हाला कळतं.

मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सायेब, होडीत पानी भरून बगत न्हाईत. पान्यात होडी टाकून बगत्यात."

दादा हसला. त्याला ती चेष्टा वाटली. मामा हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुमी हुतात का घरी?"

"होते."

"बगितलं?"

"बघितलं."

त्यांनी मान डोलावली. दोन दिवस मी दादावर धुमसत होते, वहिनीवर, त्या दोन पोहेखाऊंवर, फाटकाबाहेरच्या शेजाऱ्यांवर. मामांनी एवढं विचारलं आणि त्या सगळ्या रागाला जायला जागाच राहिली नाही. तो माझ्यावर येऊन बसला. चार पावलांवर बटण होतं. दाबलं असतं तर फार तर काय झालं असतं? दादा रुसला असता. चारचौघांत थोरल्या भावाला अडवलं म्हणून वहिनी महिनाभर तिरकं बोलली असती. एवढ्यासाठी मी दुसऱ्याची होडी फुटू दिली.

मामा म्हणाले, "भेग बुजंल. त्याचं काय न्हाई. पन मी ही तुमाला आता देनार न्हाई बाई. तुमी नवी घ्या नाय तर घेऊ नका. घरात ज्याला नगं म्हनता येत न्हाई त्यानं एकल्यानं पान्यात जाऊ नये. वारा काय तुमची भीडभाड ठिवत न्हाई."

"तेच मी म्हणतोय, नवीच घ्यायची," दादा म्हणाला. "ताई, मी त्या पुण्यावाल्याला आजच..."

"दादा, तू गप्प बस."

हे मी म्हणाले. परक्या माणसासमोर, अंगणात, वहिनी दारात उभी असताना.  मला धाप लागली होती, जिना चढल्यासारखी. पण आता थांबले असते तर मग कायमचीच थांबले असते.

मी मामांना म्हणाले, "नवी मला नको आहे. जुनीच हवी आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या पूर्ण किमतीला. तुम्ही आज दिली नाही तर मी पुढच्या आठवड्यात राजूरला येऊन मागेन. त्याच्या पुढच्या आठवड्यातही येईन."

"फुटक्या होडीचे पूर्ण पैसे?" दादा म्हणाला. मी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि आत गेला. नंतर दिवाळीपर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि त्या अबोल्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

 मामांनी पिशवी उघडून फायबरच्या कापडाची गुंडाळी आणि भेग बुजवायच्या राळेचा डबा बाहेर काढला. म्हणजे ते आले तेच सामान घेऊन. चप्पल काढून ते होडीखाली सरकले आणि खालून म्हणाले, "घरात पॉलिश पेपर हाय का बगा. आन भेग मी न्हाई घासनार. तुमी घासा."