आक्काच्या वाटीतली गोळी

आमच्या घरात गोळ्या आक्का देते. मी निवृत्त मास्तर, जन्मभर पोरांना "नीट वाचून लिही" म्हणून दरडावलेला. पण सकाळी चहाआधी तिनं वाटी पुढं केली की आत काय आहे ते न बघता तोंडात टाकायचं. बायको गेल्यावर ही थोरली बहीण निपाणीहून अनगोळला माझ्याकडं राहायला आली, तेव्हापासूनची ही सवय.

माझ्या मूत्रपिंडात छोटी गाठ निघाली. पोट फाडायचं नाही, पाठीतून सुई घालून गाठ गोठवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. भीती होती ती आत रक्तस्राव होण्याची, कारण हृदयात स्टेंट असल्यानं मी रक्त पातळ करणारी गोळी घेत होतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ती काही दिवस आधी बंद करायची ठरली. घरी येऊन मी आक्काला तसं सांगितलं आणि मोकळा झालो.

ठरल्या सकाळी दवाखान्यात सिस्टरनं तिसऱ्यांदा विचारलं, "रक्ताची गोळी बंद केली ना, सर?"

माझं डोकं फिरलं. "अहो, कितीदा सांगू? बंद म्हणजे बंद!"

दाराशी उभ्या आक्काचा चेहरा पडला. "न्हाय बाई," ती म्हणाली, "मी देत हुते. काल सकाळीबी दिली. छाती धरून पडल्यालं बघितलंय मी ह्याला. काळजाची गोळी कशी बंद करू?"

सगळं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं बोललात, आज्जी. आत रक्त सुरू झालं असतं तर आवरणं जड गेलं असतं."

मी मात्र रिक्षात तिच्यावर ओरडत राहिलो. आता सांगायलाही लाज वाटते. ती डोळे पुसत म्हणाली, "बोल रं, बोल. हाईस म्हणून बोलतोयस."

पुढं गोळी खरोखर बंद ठेवून नवी तारीख घेतली. गाठ गोठवली. दिवसभर उताणा पडून होतो, लघवी लाल होते का ते तीच सिस्टर येऊन बघत होती. नाही झाली. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नसतं तर, हे आठवून आजही मनातल्या मनात हात जोडतो.

डॉक्टरांनी गोळी परत चालू केली त्या सकाळी आक्कानं वाटी पुढं केली. "बघून घे बाबा. पुन्ना माझ्या अंगावर येऊ नगंस."

मी गोळी गिळली. रिक्षात म्हणायला हवं होतं ते तेव्हा म्हटलं, "आक्का, तू बोललीस म्हणून मी हाय."