बनुबाईंची तुरेवाली

विजयमाला औटींची कोंबडी खुडूक झाली की आमच्या ग्रुपवर ती बातमी व्हायची. टोपलीत भुसा किती घातला, अंडी किती ठेवली, हे त्या फोटोसकट कळवायच्या. एकविसाव्या दिवशी पिलं निघाली की सकाळी सकाळी सगळ्यांचे मोबाईल वाजायला लागायचे.

ग्रुपचं नाव 'परसदार'. नगर जिल्ह्यातली साठेक माणसं त्यात होती. कुणाच्या घरामागे चार कोंबड्या, कुणाच्या गच्चीवर वांगी आणि गवती चहा. पारनेरजवळच्या एका वाडीत राहणाऱ्या विजयमालाबाईंनीच तो सुरू केला होता. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा पुण्याला. नवरा कारभारी दिवसभर मळ्यात, आणि मुळात अबोल. घरात आपल्याला कुणी काही विचारत नाही, इथं मात्र साठजण विचारतात, असं त्या हसत सांगायच्या. पिलाच्या पंखाचा फोटो पाहून त्या उपाय सांगायच्या आणि तो बहुधा लागू पडायचा. लशीबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, गावरान कोंबडीला लस कशाला, ती दगड पचवते.

सोनईच्या बनुबाई ग्रुपमध्ये सगळ्यांत वयस्कर. त्यांना टाइप करता येत नसे. नात संस्कृती मोबाईल धरायची आणि बनुबाई बोलायच्या. त्यांच्याकडे काळ्या, डोक्यावर पिसांचा गोल तुरा असलेल्या कोंबड्या होत्या. त्यांचं मूळ बनुबाईंच्या माहेरचं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आईनं डालग्यात घालून दिलेल्या दोन कोंबड्यांचा तो वंश, चाळीस वर्षं त्याच परसात वाढलेला. नवरा गेला, जमिनीच्या वाटण्या झाल्या, पण तुरेवाल्या राहिल्या.

गेल्या वर्षी माघात विजयमालाबाईंनी सगळ्यांना घरी बोलावलं. पहिलाच मेळावा. त्यांनी अंगण सारवलं, खुराड्याला चुना दिला, वीस-पंचवीस माणसांची भाकरी-पिठल्याची तयारी केली. त्या दिवशी सकाळी खुराडं उघडलं तेव्हा एक तांबडी कोंबडी बाहेर आली नाही. पंख पाडून कोपऱ्यात बसली होती, शेपटाखाली हिरवट घाण. विजयमालाबाईंना मानमोडीची, कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची, शंका आली. तेवढ्यात फाटकाशी पहिली गाडी थांबली. त्यांनी तांबडीला पाटीखाली घालून गोठ्यामागे ठेवलं आणि पदर सावरून पुढं झाल्या.

मी त्या मेळाव्याला होतो. फार छान दिवस गेला. कढीपत्त्याची रोपं, भोपळ्याचं बी, अळूचे कंद यांची देवघेव झाली. पिलं मागितली ती फक्त बनुबाईंनी. नव्या रक्ताची म्हणून सहा हवी होती. विजयमालाबाई जरा थांबल्या, पुढच्या महिन्यात न्या म्हणाल्या. पण बनुबाई एवढ्या लांबून एसटी बदलत आलेल्या, आणि सगळे बघत होते. त्यांनी खोक्याला भोकं पाडून सहा पिलं दिली.

त्या आठवड्यात विजयमालाबाईंच्या अकरा कोंबड्या मेल्या. कारभारींनी खड्डे खणले. सोनईला फोन करून पिलं वेगळी ठेवायला सांग, असं ते एकदा म्हणालेही. त्या उद्या करते म्हणाल्या. ग्रुपवर मात्र त्यांनी वांग्यांचे फोटो टाकले.

आठव्या दिवशी बनुबाईंचा आवाज आला. तुरेवाल्यांच्या माना वाकड्या होत होत्या, काय करू, असं त्या विचारत होत्या. पाच दिवसांत परस रिकामं झालं. मग त्यांचा आणखी एक निरोप आला. विजयमालानं जीव लावून दिलेली पिलं मला सांभाळता आली नाहीत, तिनं राग धरू नये, असा.

तो निरोप ऐकून विजयमालाबाई जेवल्या नाहीत. तरी सोनईला जायला त्यांना दोन महिने लागले. बनुबाईंनी चहा ठेवला. खुराड्यात आता सरपण रचलेलं होतं. चहा होईपर्यंत विजयमालाबाईंनी सगळं सांगितलं. तांबडी कोंबडी, पाटी, न केलेला फोन.

बनुबाईंनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी हात हालवत आले असते. त्यात काय हुतं?"

"मला लाज वाटली, मावशी."

"आन मी दोन म्हैने माज्या हाताला दोष देतेय," बनुबाई म्हणाल्या. चहा गाळून त्यांनी कप पुढं ठेवला. स्वतः घेतला नाही.

घरी आल्यावर विजयमालाबाईंनी तेच सगळं ग्रुपवर सांगितलं, स्वतःच्या आवाजात, नऊ मिनिटं. काहीजण ग्रुप सोडून गेले. काहींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. बनुबाई ग्रुपमध्ये आहेत, पण त्यांचा आवाज त्यानंतर आला नाही.

मग विजयमालाबाई तुरेवाल्यांच्या शोधाला लागल्या. बनुबाईंनी कधीकाळी कुणाला अंडी दिली होती, हे संस्कृतीकडून विचारून घेतलं आणि सोनईच्या आसपासच्या वस्त्या पालथ्या घातल्या. दोनदा मीही गाडी घेऊन सोबत गेलो. कुठं नुसता तुरा होता पण रंग वेगळा, कुठं काळी होती पण तुरा नव्हता. घोडेगावच्या बाजूला एका वस्तीवर झुंबरबाई नावाच्या म्हातारीनं ओळखलं. "व्हती की," ती म्हणाली. "बनूचीच. लई गुणाची. आखाडात जावई आलं, तवा कापली."

विजयमालाबाईंनी तिचे आभार मानले. परत आल्यावर गाडीतून उतरताना एवढंच विचारलं की बनुबाईंच्या माहेरी, श्रीगोंद्याकडे, माझ्या ओळखीचं कुणी आहे का. मी नाही म्हणालो. तरी चौकशी करतो, असंही म्हणालो.